साय की मोतिया

मानवत, ५ ऑक्टोबर २०२४

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

ऑपरेशनसाठी तुझ्याकडे आलेल्या आईचा डोळा आता निवळला असेल. इथली तिची खोली रंगवायला काढली आहे. पांढराफेक रंग तिच्या डोळ्यांवर येईल, म्हणून जरा मऊ पांढरा घ्यावा म्हणतो. मोबाईलवर सगळे पांढरे सारखेच दिसतात, म्हणून पुठ्ठ्यांवर रंगाचा हात मारून पाठवतोय. साय, मोतिया आणि हस्तिदंती. आईलाच निवडू दे, घाई नाही. भिंती वाळल्या की मी स्वतः तिला न्यायला येतो.

आमच्यावरची माया कमी करू नकोस.
तुझा भाऊ,
सिद्धोधन

पूर्णा, १४ ऑक्टोबर

प्रिय सिद्धोधन,
सप्रेम जयभीम.

तुझ्या पुठ्ठ्यांनी आमचं घर डोक्यावर घेतलंय. मला तिन्ही एकच दिसतात. आई मला म्हणते, आता तुझाच मोतीबिंदू काढायला पाहिजे. ती सकाळी खिडकीत धरून बघते, संध्याकाळी दिव्याखाली बघते. हस्तिदंती पिवळट म्हणून बाद झाला. मोतियात निळसर झाक आहे, थंडीत भिंत गार वाटेल म्हणे. साय ठरली.

तिने लुगडी पिशवीत भरून ठेवलीत. शेजारच्या सगुणाबाईंचा निरोपही घेऊन झाला. लवकर ये.

आठवण ठेव.
धम्मशीला

मानवत, २६ ऑक्टोबर

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम.

साय चांगलीच आहे. पण आणखी दोन पुठ्ठे पाठवतोय, आईने एकदा तेही बघावेत. रोजचं बघायचं आहे, नंतर मनाला लागायला नको.

लोभ आहेच.
सिद्धोधन

पूर्णा, ४ नोव्हेंबर

सिद्धोधन,
जयभीम.

आईला धीर निघेना, म्हणून काल तिला घेऊन न कळवताच मानवतला आले होते. तू कामावर होतास. आईच्या खोलीत बँकेतल्या कुणा साहेबांचा संसार आहे आणि भिंत मोतिया आहे. त्यांच्या बायकोने आईला चहा दिला. सांगत होत्या की गणपतीपासून राहतो, रंग आमच्याच पसंतीचा दिला. म्हणजे तू पुठ्ठे पाठवलेस तेव्हा त्या भिंती वाळूनही गेल्या होत्या. तुझी बायको खाली मान घालून उभी होती.

मला फसवलं असतंस तर मी भांडून मोकळी झाले असते. तू आईला महिनाभर खेळवलंस. एवढं कसं जमलं तुला? लोभाचं या खेपेला काही लिहीत नाही.

रात्रीच्या गाडीने आम्ही परत आलो. आत्ता आई शेजारी बसून सांगते आहे, ते तसंच लिहिते:

"खोली भाड्यानं देतो म्हणून इचारलं असतंस, तर मी व्हय म्हणले असते. तू खोली न्हाई इचारलीस, रंग इचारलास. आता मला न्यायला येऊ नको."

धम्मशीला