सेलवर न चालणारा कीबोर्ड

३ मार्च, सोमवार
मुलीचा कीबोर्ड प्लगवर चालतो, सेलवर मुका. येत्या रविवारी सकाळी बागेत तिच्या संगीत क्लासचा कार्यक्रम. तिथे प्लग नाही. ती एकटी वाजवणार. दोन महिने घरात तेच एक गाणं चालू आहे. बायको म्हणाली, दुकानात दाखवू या. मी म्हटलं, घरात माणूस असताना दुकान कशाला? सेल गेले असणार. विषय संपला.

४ मार्च
नवे सहा सेल घातले. मुका. हल्ली सेलच बोगस. मुलीने हळूच विचारलं, बाबा, उलटे नाही ना बसले? रागावलो. ती गेल्यावर पाहिलं. दोन उलटे होते. सरळ केले, तरी मुका. म्हणजे मी पहिल्यापासून म्हणत होतो तेच: सेलचा काही संबंध नाही.

५ मार्च
बावीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारी नोंदवतोय. दोष हेरायची नजर आपोआप येते. संध्याकाळी सेलच्या खणातल्या स्प्रिंगा पॉलिश पेपरने घासल्या. एक तुटली. कमकुवतच होती. तिच्या जागी पेनातली बसवली.

६ मार्च
क्लासच्या बाईंचा फोन. माझ्याकडे जादा कीबोर्ड आहे, देऊ का? मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. नम्रपणे नको म्हटलं. आपल्याला जमत नाही असं बाईंना वाटायला नको. मुलगी न जेवता उठली. बायको बोलत नाही. घर शांत असल्यामुळे काम झपाट्याने झालं. पूर्ण उघडला.

८ मार्च
जोडला. चार स्क्रू उरले. कंपन्या उगाच जास्त घालतात. आता प्लगवरही चालत नाही. हे लक्षण चांगलं, बिघाड एका जागी गोळा झाला. मुलीने विचारलं, बाईंना फोन करू? मी म्हटलं, बापावर विश्वास आहे की नाही? तिने हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाली, आहे.

९ मार्च, रविवार
सकाळी सातला कीबोर्डचा दिवा एकदा लागला होता. मी स्वतः पाहिला. त्या जोरावर गेलो.
बागेत तिचा नंबर आला. आवाज नाही. मी पहिल्या रांगेतून खूण केली, दाबून वाजव. तिने दाबून वाजवलं. अख्खं गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नुसत्या बोटांनी. मागे मुलं हसायला लागली, मग त्यांच्या आयाही. टाळ्या मी वाजवल्या.
निघताना बाई म्हणाल्या, माझा कीबोर्ड आणला होता मी, गाडीतच होता. पण ती नको म्हणाली. बाबांना वाईट वाटेल म्हणे.
संस्कार चांगले आहेत.

१५ मार्च
बायको मला न विचारता कीबोर्ड मेकॅनिककडे घेऊन गेली होती. तो म्हणाला, कीबोर्डच्या प्लग लावायच्या भोकात एक पत्ती अडकली होती, म्हणून सेलचा करंट आत जात नव्हता. पिन दोनचारदा आतबाहेर केली असती तर सुटली असती. बाकी चार दिवस गेले ते साहेबांनी केलेली दुरुस्ती दुरुस्त करण्यात. मेकॅनिक लोकांना बोलायची पद्धत नसते.
आता सेलवर फर्स्ट क्लास चालतो. मुलीला हाक मारली. आतून म्हणाली, अभ्यास आहे. क्लास तिने मंगळवारीच सोडलाय, हे बायकोकडून कळलं.
मग मीच एका बोटाने थोडं वाजवलं. आवाज छान आहे.
बायको आली आणि सेल काढून घेऊन गेली.