मापांची यादी

१९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

तू आणि छोटी बऱ्या असाल. मीही बरी आहे. वेळेवर जेवते, कामावर जाते.

दादाच्या शिवणाच्या दुकानातल्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट ही नवी सिस्टीम टाकली आहे. फुकट आहे, जुन्या मशीनवर चालते आणि मेनू डावीकडे खाली, तुझ्या सवयीच्या जागी. उबुंटूही पाहिलं, पण त्यात तुला सगळंच नव्याने शोधावं लागलं असतं. "वन्सं, मी ढ आहे असं धरूनच निवडा," म्हणाली होतीस. तू ढ नाहीस. मशीन दहा वर्षांचं आहे.

गिऱ्हाइकांची मापं नावांप्रमाणे लावली आहेत. तीनशे बारा. दोनदा तपासली.

परवा फोनवर तू विचारलंस, "आकडे दिसतायत वन्सं, पण ह्यांचं बोलणं ऐकायला कुठं दाबायचं?" मी म्हणाले, "शोधून सांगते." शोधण्यासारखं काही नव्हतं.

दादाच्या हातात मापाची टेप असायची, म्हणून तो मापं लिहिण्याऐवजी लॅपटॉपमध्ये बोलून ठेवायचा. ती ऐकूनच मी यादी केली. नवी सिस्टीम टाकताना मशीन विचारतं, जुनं राहू दे की सगळं पुसू? मी पुसायला सांगितलं. तेही परत मिळू नये असं. नवशिक्यांना मी सगळ्यात आधी सांगते, प्रत काढून ठेवा. मी काढली नाही.

चुकून नाही, वहिनी. एका मापात गिऱ्हाईक विचारतं, "तुमची बहीण कम्प्युटरवाली ना?" दादा म्हणतो, "हो, भारी हुशार. फक्त फोन उचलत नाही. कंबर चौतीस." आणि हसतो. मी तारीख पाहिली. तो गेला त्याच्या आदल्या आठवड्यातली. त्या आठवड्यात त्याचे चार फोन आले होते.

ते मला पुन्हा ऐकायचं नव्हतं, तुझ्या कानावरही जाऊ द्यायचं नव्हतं. तुला त्याचा आवाज हवा असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. मी आकडे वाचवले.

दोनशे सातव्या ओळीत तू आहेस. तिथे नुसतं साडेदहा लिहिलंय. दादा म्हणाला होता, "दंड साडेदहा. हलू नकोस गं. गेल्या वर्षी दहा होता, म्हणजे संसार सुखाचा चाललाय." आणि मागून तू, "गप्प बसा, सगळं त्या मशीनमध्ये जातंय."

असं जे जे आठवतंय ते लिहून पाठवीन. त्यात आवाज नसेल.

फोन कर. वाटेल ते बोल. उचलेन.

तुझी,
वन्सं