शालीखालचा हात

धाकट्या,

आशीर्वाद आहेच, पण आधी चार शिव्या खा. मी ठणठणीत आहे.

इथे लाँड्रीतल्या आम्ही बायका सुट्टीला शाईपेननं चित्रं काढतो. डब्यातून चिठ्ठी उचलायची, त्यावर लिहिलेलं काढायचं. मजा येते, हसू नकोस.

परवा मला 'आईचे हात' आलं, म्हणून तुझ्याकडे फोटो मागितला. त्यात तिचा उजवा हात शालीखाली. दुसरा मागवला, त्यातही शाल! ऐन उन्हाळ्यात? मला काय खुळी समजतोस? आई पडून हात मोडलाय ना तिचा? तिला घास कोण भरवतं?

डावा हात काढून झालाय, उजव्याची जागा कोरी आहे. शाल बाजूला करून फोटो पाठव. हात वाकडा झाला असेल तर वाकडा काढीन, पण खोटा काढणार नाही.

तुझ्यावर भडकलेली,
ताई