तिसऱ्या सिलिंडरची भिंत

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी काही विचारलं नाही. कारखान्यात कुठं अडलं की तुम्ही काय केलं असतं ते आपसूक कळायचं आणि हात चालायला लागायचा. या खेपेला मात्र एका इंजिनाच्या ब्लॉकपाशी अडले. ब्लॉक आपल्याकडून जाऊन महिना झाला, मी अजून तिथंच आहे.

संकठा घाटावरचा एक नाववाला तो सायकल-ठेल्यावर घालून घेऊन आला. तीन सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन, चाळीस माणसं बसतील एवढ्या नावेचं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या पिनेची क्लिप सुटली होती आणि तिनं भिंतीवर वरपासून खालपर्यंत चर पाडला होता, नख अडकून बसेल इतका खोल. ब्लॉक आधीच दोनदा बोअर झालेला, म्हणजे भोक आतून कापून मोठं केलेलं. आणखी एकदा बोअर करून चर निघणार नव्हता. उरली स्लीव्ह, म्हणजे भोक अजून मोठं कापायचं आणि आत नवी नळी दाबून बसवायची. पण त्याला बाहेरची भिंत जाड हवी, आणि ही इंजिनं गंगेच्याच पाण्यावर थंड होतात. गाळ आणि गंज बाहेरून भिंत खात असतो. आता जाडी मोजायचं यंत्र मिळतं, बाबा, तुमच्या वेळी नव्हतं. मी तीनदा मोजलं. सगळीकडे ठीक, फक्त मागच्या अंगाला बोटभर पट्टा पातळ.

"दीदी, स्लीव्ह डाल दीजिए. देव दीपावली से पहले नाव पानी में चाहिए," तो म्हणाला.

"नहीं होगा. ब्लॉक बदलिए."

"इस इंजन का ब्लॉक अब मिलता कहाँ है?"

मी जाडी मोजायचं यंत्र डब्यात ठेवलं. त्यानं ठेला वळवला.

तो गेला आणि मी नळावर हात धुवायला गेले. मला तुमचं शेवटचं नावेचं इंजिन आठवत होतं. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि काका लोकांसमोर तुम्ही मोठ्या अभिमानानं सांगायचात, आता पोरगीच माझे डोळे. ब्रह्मा घाटावरच्या आपल्या वेदपाठी घरात एक तर तुम्ही लोखंडाच्या नादी लागलेले, त्यात मुलगी जोडीला घेतलेली, तेव्हा त्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. मी एकोणीस वर्षांची. ब्लॉक पाटावर आडवा आहे, मी बॅटरी घेऊन पाण्याच्या वाटेत डोकावते आहे आणि तुम्ही विचारता, "आतून गंज किती?" मी म्हणते, "बरं दिसतंय." तुम्ही चिडता. "बरं म्हणजे काय? नीट बघून सांग." मी नीट बघितलं होतं, बाबा. भिंतीचे पापुद्रे सुटत होते. पण तो म्हातारा नाववाला सकाळपासून पायरीवर बसून होता आणि तुम्ही आत गेलात की मला म्हणायचा, "बिटिया, बाबूजी को कहो मना न करें." मी म्हणाले, "वरवर आहे, बाबा. आत भिंत शाबूत आहे." तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून बोअरचं मशीन लावलंत.

आठ दिवसांनी भर पुरात ती भिंत फुटली. इंजिन बंद पडलं, नाव वाहत जाऊन घाटाच्या दगडी बुरुजावर आदळली. माणसं वाचली. म्हाताऱ्याचा उजवा हात नाव आणि दगडाच्या मध्ये सापडून चिरडला. तुम्ही इस्पितळातून परत आलात, टोपी खुंटीला लावलीत आणि आईला म्हणालात, "माझा हात चुकला. जास्त कापलं गेलं माझ्याकडून." मी तिथंच चुलीपाशी पोळ्या लाटत होते. एक पोळी करपली आणि आई मला ओरडली, एवढंच. त्यानंतर तुम्ही नावेचं इंजिन घेतलं नाहीत. चार वर्षं जगलात, ती हात चुकला असं मानूनच.

म्हणून मला आता ठरवता येत नाही की या ब्लॉकला मी नाही म्हणाले ते मापामुळे की भीतीमुळे. कारण एक तिसरी वाट होती, आणि ती तुम्हीच दाखवलेली. एका जीपच्या ब्लॉकला तुम्ही पातळ स्लीव्ह स्वतः खरादावर, म्हणजे लेथवर, उतरवलीत, ती आकसावी म्हणून बर्फाच्या लादीवर ठेवलीत, ब्लॉक गरम केलात आणि स्लीव्ह जोर न लावता अलगद आत सोडलीत. कापावं लागलं अगदी थोडं. तो पट्टा एवढं सोसू शकला असता. नाववाल्यासमोर उभी असताना मला हे आठवत होतं. मी बोलले नाही. दुसऱ्या कारखान्यात त्यानं बाजारची जाड स्लीव्ह प्रेसवर दाबून बसवून घेतली. नाव सुरू झाली. रोज संध्याकाळी आरती बघायला माणसं भरून ती दशाश्वमेधाकडे जाते.

आज सकाळी मी घाटावर गेले. तो नाव धूत होता. मी त्याला म्हणाले, "रोज सुबह तेल देखिए. सफ़ेदी दिखे तो समझिए पानी मिल रहा है, उसी दिन बंद. और मौका मिले तो खोलकर मेरे पास लाइए, दूसरे ढंग से बना दूँगी, पतली स्लीव्ह से." त्यानं फडकं पिळून काठावर टाकलं. रागावला नव्हता. "दूसरा ढंग था तो उसी दिन क्यों नहीं बनाया, दीदी?"

तुमचं आणि त्या म्हाताऱ्याचं सगळं त्याला सांगायचं असं ठरवून मी घरून निघाले होते. पायऱ्या उतरताना वाक्यंसुद्धा जुळवली होती.

मी म्हणाले, "उस दिन मशीन ख़ाली नहीं थी."

मशीन रिकामंच होतं, बाबा. चार दिवस नुसतं उभं होतं.