संपाच्या वर्षावरची रेघ

ता. ४ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता, की तो कागद नुसताच भिंतीला चिकटवलाय? मी बरी आहे. सुट्टीमुळे दिवसदिवस कोणाशी बोलणं होत नाही. काल घरमालकीणबाईंनी हाक मारली, तर माझा आवाजच फुटेना.

एक मोठं काम मात्र मिळालंय. नववीच्या इतिहासाची नवी आखणी करायला पाच शिक्षक निवडले, त्यांत मी. देशाचा सगळा इतिहास सहा कालखंडांत बसवायचा. पाच जमले. सहावा कुठून सुरू करायचा, रेघ कोणत्या वर्षावर ओढायची, यावर जुंपली आहे. कोणी म्हणतं, निवडणुकीच्या वर्षापासून. मी म्हणते, त्याआधीच्या रेल्वे संपापासून. तुम्ही तर ड्रायव्हर म्हणून त्या संपात होतात, तुमचे दोस्त फिटरकाका यांच्याबरोबर. माझ्या वर्गात येऊन मुलांना सांगाल?

तुमच्या रागालोभाची हक्कदार,
चिमी


ता. ११ जून

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

व्यायाम करतो, म्हणजे तो कागद रोज वाचतो. तू निवडणुकीचंच वर्ष धर. संपात सांगण्यासारखं काही नव्हतं. वर्गात यायला जमणार नाही. फिटरलाही काही विचारू नकोस. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझे,
बाबा


ता. १५ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

एवढं त्रोटक पत्र तुम्ही कधी लिहिलं नव्हतं. फिटरकाका मला खांद्यावर घेऊन यार्डात फिरायचे, आणि एकाएकी यायचे थांबले. तेव्हा मी सात वर्षांची. आईला विचारलं तर ती भांडी घासायला निघून गेली. वर्गात नका येऊ, पण मला तरी सांगा.

उत्तराची वाट पाहणारी,
चिमी


ता. २४ जून

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

संपाच्या चौदाव्या दिवशी साहेब घरी आले. म्हणाले, उद्या गाडी काढ, नाहीतर क्वार्टर रिकामं कर. तुझी आई म्हणाली, करू रिकामं, माझ्या माहेरी जाऊ. त्यामुळे तिच्यावर ढकलायची सोय नाही. मी घाबरलो.

सकाळी गाडी काढली. सगळे रुळांच्या कडेला उभे होते. कोणी दगड मारला नाही, शिवीसुद्धा दिली नाही. आधी फिटरने पाठ फिरवली, मग एकेकाने. माझ्यामागून दुसरे ड्रायव्हर आले आणि तीन दिवसांत संप मोडला. फिटरची नोकरी गेली, माझी राहिली. तो तीन गल्ल्या पलीकडे राहतो. एकतीस वर्षांत माझ्या दारी त्यांच्यातलं कोणी आलं नाही. तुझी आई गेली तेव्हाही नाही.

मुलांना काय सांगू? हे पत्र हवं तर फाड, पण लिहायची थांबू नकोस.

बाबा


ता. ३ जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

राग आला, खोटं कशाला सांगू. चार दिवस तुमचं पत्र कपाटात बंद होतं. पण ते क्वार्टर वाचलं म्हणून मी त्यात वाढले, हेही मला विसरता येईना.

रेघ संपाच्या वर्षावरच राहिली, तीन विरुद्ध दोन. धड्यात लिहिलंय, काही ड्रायव्हर घाबरून कामावर परतले. आमच्या समितीच्या अध्यक्षांना ‘घाबरून’ नको होतं. मी तो शब्द सोडला नाही. नाव कोणाचंच नाही. माझ्या वर्गात पुढेमागे या. आधी त्या तीन गल्ल्या ओलांडा.

तुमचीच,
चिमी


ता. १० जुलै

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी गेलो. दार वाजवून नाव सांगितलं. आत रेडिओ चालू होता, तो बंद झाला. दार उघडलं नाही. मी पायरीवर बसलो आणि तुला लिहिलं ते सगळं दाराकडे बघून सांगितलं. येणारेजाणारे बघत होते. बोलून झाल्यावर दाराला लागूनच त्याचा खोकला ऐकू आला. इतका वेळ तो तिथेच उभा होता.

येत्या रविवारी पुन्हा जातो.

तुझा,
बाबा