दादाची कॉलर

सोमवार, ३ मार्च
जेवणाच्या सुट्टीत लॉकरमधून फोन काढला. वहिनीचे मिस्ड कॉलवर मिस्ड कॉल. उलट फोन लावला. कॅन्सरचं नवं इंजेक्शन घेऊनही दादाच्या मानेवरची गाठ वाढलीय. दादा शिंपी. रोज सकाळी आरशासमोर स्वतःच्या गळ्याला टेप लावतो. "कॉलर साडेपंधराची सोळा झाली. टेप खोटं बोलत नाही."
आणि मी इथे थंड गोदामात खोकी रचतोय.

बुधवार, ५ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते वहिनीने सांगितलं. आपल्याच शरीराचे शिपाई गाठीत बसलेत, पण फितूर. तिचीच राखण करतात. इंजेक्शन त्यांना आपल्या बाजूला वळवतं. ते वळले की आणखी शिपाई आत घुसतात — त्यानेही गाठ सुजते. नाहीतर मग रोगच वाढला असेल. सुई घालून तुकडा काढला तरच कळेल.
दादा सुईला तयार नाही. "डिवचलं की पसरतं. एकदा चीर पडली की कापड फाटतच जातं." इंजेक्शनही बंद म्हणतो.

शुक्रवार, ७ मार्च
दादाशी बोललो. मी सातवीतून पळालेला, काय समजावणार? म्हटलं, घे ना रे सुई लावून.
"तू कधी डॉक्टर झालास?" हसला. मग म्हणे, "ही तरी नोकरी टिकव. चौथी आहे."
विषय माझ्यावरच आला. सुई राहिली बाजूला.

शनिवार
मुकादमाकडे सुट्टी मागितली. "तू गेलास की गाठ बसणार आहे का?"
खरंय. तरी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खोकी आपटत बसलो.

सोमवार, १० मार्च
दादाने स्वतःच्या शर्टासाठी घेतलेलं कापड शेजाऱ्याला देऊन टाकलं. "मला कशाला आता?"
फोन लावला. बोलायचं बरंच ठरवलं होतं, पण एक शब्द फुटेना. नुसता रडलो. मग दादानेच फोन ठेवला. झालं. हेच जमतं मला.

बुधवार, १२ मार्च
दादा सुईला गेला! वहिनीला वाटेत एवढंच म्हणाला, "तिकडे पोरगं रडतंय." रिपोर्टला आठवडा.

रविवार
कॉलर आणखी वाढली. रडून मीच त्याला सुईला पाठवलं ना? खरंच पसरलं असेल तर?

गुरुवार, २० मार्च
दादाचा स्वतःहून फोन. "तुकड्यात शिपाईच शिपाई निघाले रे. रोग थोडाच. इंजेक्शन चालू ठेवतोय." मग म्हणाला, "कापड परत मागून आणलं. कॉलर सतराची बेतलीय. येऊ देत शिपाई किती यायचे ते."