आप्पांची हाक

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

आज कृष्णातला अल्बमचं आठवं, शेवटचं गाणं ऐकवलं. त्यात मधेच त्याच्या वडिलांची हाक येते— "चंद्रेऽ, ये गं बाय!" मार्चमध्ये त्यांच्या गोठ्यात रेकॉर्ड केलेली. तेव्हा आप्पा हसून म्हणालेले, "म्हशीच्या हाकेचं कसलं गाणं रं?" जूनमध्ये आप्पा गेले.

ती हाक मी चिरली, ताणली, उलटी केली, तिचाच ठेका केला. आमच्या 'थ्री फेज' बँडचं यापेक्षा बरं काम अजून झालेलं नाही. कृष्णातनं हेडफोन काढून ठेवले. मग म्हणाला, "गाणं झ्याक झालंय. पर मूळ हाक दे मला. पाडव्याला पायजे."

१० ऑक्टोबर

दिवाळी पाडव्याला इकडं म्हशी पळवतात. दरवर्षी आप्पा मोटरसायकलवरून हाक मारायचे आणि त्यांची म्हैस चंद्री शिंगं रंगवून, मोरपिसं लावून भर रस्त्यात मागनं पळायची. दुसऱ्या कुणाच्या हाकेला ढिम्म हलत नाही. कृष्णात महिनाभर घसा फोडतोय. आता गाडीला स्पीकर बांधून आप्पांचीच हाक लावणार म्हणतो.

मूळ हाक नाहीच. लॅपटॉप भरला म्हणून ऑगस्टमध्ये कच्ची रेकॉर्डिंगं मीच पुसली. गाणं झालंय, आता काय करायचीत, असं वाटलं. गाढव आहे मी!

१३ ऑक्टोबर

त्याचे तीन फोन. उचलले नाहीत.

१७ ऑक्टोबर

सांगितलं एकदाचं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "जिन्या, बापाचा आवाज होता रं त्यो." एवढंच बोलला. घरात आप्पांचा एक व्हिडिओ नाही, मोबाईल समोर धरला की तोंड फिरवायचे.

रात्रंदिवस गाण्यातले तुकडे सुलटे करून जोडतोय. शब्द लागतात, पण आप्पा लागत नाहीत.

२१ ऑक्टोबर

जमलं! बऱ्यापैकी जमलं. कृष्णातनं दोनदा ऐकलं, मान हलवली.

२२ ऑक्टोबर, पाडवा

अंगणात गाडीला बांधलेला स्पीकर लावला. पहिल्याच हाकेला चंद्री ताडकन उठली. दावं सोडलं तशी पळाली— स्पीकर, गाडी, कृष्णात, सगळं मागं टाकून थेट फाटकापर्यंत. तिथं रस्त्याकडं बघत उभी राहिली ती राहिलीच.

कृष्णातची आई म्हणाली, "बंद कर बाबा ते. वाट बघाय लागली ती."

अल्बम शुक्रवारी येतोय. आठवं गाणं त्यातनं मीच काढून टाकलं.